माहुलीचा वेढा आणि फितुरीचा शिक्का

मुरबाड-शहापूरकडच्या मुलांना सतराव्या शतकाचा इतिहास शिकवताना एक प्रश्न मला हमखास विचारला जातो. 'सर, शहाजीराजे कधी निजामशाहीत, कधी मोगलांकडे, शेवटी आदिलशाहीत. मग त्यांना फितूर म्हणायचे का?'

ह्या प्रश्नाचे उत्तर शोधायला आम्हाला दूर जावे लागत नाही. मुरबाड तालुका संपतो तिथे, नाणेघाटाच्या माथ्यावर जीवधन किल्ला आहे. 1633 मध्ये मोगलांनी दौलताबाद घेतले आणि हुसेन निजामशहाला ग्वाल्हेरच्या कैदेत धाडले. तेव्हा जीवधनावर अडकलेल्या राजवंशातल्या एका कोवळ्या मुलाला शहाजीराजांनी बाहेर काढले आणि पेमगिरीवर मुर्तजा निजामशहा म्हणून गादीवर बसवले. तीन वर्षांनी तोच मुलगा शहापूरच्या माहुली किल्ल्यावर वेढ्यात सापडला.

हे राज्य टिकले होते ते मलिक अंबरमुळे. बाजारात विकला गेलेला हा हबशी गुलाम. 1600 मध्ये अहमदनगर पडल्यावर त्याने बुडते राज्य पुन्हा उभे केले आणि 1626 मध्ये मरेपर्यंत मोगलांना पुरते पाय रोवू दिले नाहीत. कधी विजापूरशी दोस्ती, 1617 आणि 1621 मध्ये मोगलांशी तह, तर 1624 मध्ये भातवडीला मोगल आणि विजापूरकर दोघांच्या एकत्र फौजेचा पराभव. लहान राज्याला शेजारी बदलता येत नाही, म्हणून मित्र बदलावे लागतात. अंबरला हे पक्के कळले होते. (गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या माणसाला एवढे राजकारण कळते, हे आमच्या काही पंडितांच्या अजून पचनी पडलेले नाही.)

1636 मध्ये शहाजहान स्वतः दौलताबादेस आला. त्याच्या फौजांनी विजापूरचा मुलूख जाळला, तेव्हा मे महिन्यात आदिलशहाने तह केला. मोगलांचे वर्चस्व मान्य केले, वीस लाख रुपये कबूल केले आणि बदल्यात निजामशाहीचा वाटा पदरात पाडून घेतला. ज्या राज्याची वाटणी झाली त्याचा वकील ह्या बोलणीत नव्हता. तहात एक कलम असे होते की, जुन्नर, त्र्यंबक हे किल्ले मोगलांना दिल्याशिवाय आदिलशहाने शहाजीला चाकरीत घेऊ नये. म्हणजे हरलेल्याने पुढे कोणाकडे जायचे, हेही जिंकणाऱ्यानेच ठरवले. शहाजीराजांनी चौलच्या पोर्तुगीजांकडे आसरा मागितला. मोगलांच्या धाकाने त्यांनीही दार लावून घेतले. खाली खानजमान आणि रणदुल्लाखान, म्हणजे मोगल आणि कालचा मित्र विजापूर. वर्ष सरता सरता माहुली पडली, मुर्तजा मोगलांच्या हवाली झाला आणि निजामशाही संपली.

आता फितूर कोण ते सांगा. बलवानाने बाजू बदलली की तिला तह म्हणतात, दुबळ्याने बदलली की फितुरी. 1994 मध्ये बुडापेस्टला रशियाने युक्रेनच्या सरहद्दीचा मान राखण्याचे वचन दिले होते. 2022 मध्ये फौजा घालताना त्याच रशियाने युक्रेनच्या 'नाटो'कडील ओढीचे कारण पुढे केले.

आमच्या समाजाला हा शिक्का परका नाही. 1931 च्या नोव्हेंबरात लंडनला गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी मुसलमान, ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन आणि युरोपियन ह्यांच्या प्रतिनिधींबरोबर अल्पसंख्याकांचा करार केला. अस्पृश्यांनी आपले सोबती आपण निवडले, एवढाच त्यांचा गुन्हा. त्यावर देशद्रोही, इंग्रजांचे हस्तक अशा शिव्या पडल्या, आणि पुढल्या सप्टेंबरात येरवड्याच्या उपोषणाखाली पुणे करारावर सही करावी लागली. शिव्या देणारे स्वतः इंग्रजांशी गांधी-आयर्विन करार करून मोकळे झाले होते. त्या कराराला त्यांनी फितुरी म्हटले नाही.

शहाजीराजांची मी इथे वकिली करीत नाही. 1630 च्या सुमारास ते मोगलांची मनसब घेऊन बसले होते, आणि त्यातले वतन-जहागिरीचे हिशेब झाकण्यासारखे नाहीत. शिवाय किल्ल्यांचे घेरे राखणाऱ्या कोळी-महारांना कोणत्याच पक्षाने विचारले नव्हते. त्या वेढ्याच्या कथेत बादशहाचे, खानांचे, राजांचे नाव सापडते. गड वाहून नेणाऱ्यांपैकी एकाचेही नाव मी अजून वाचलेले नाही.