कोअर गेली, डंप राहिला

वाळूजच्या कारखान्यात रात्रपाळीला सर्व्हर बसला की पहिला हात पॉवरच्या बटणाकडे जातो. मशीन उठतं, साहेबांना फोन जातो, "झालं चालू." सकाळी आयटीवाला विचारतो, "पडला कशानं?" पुरावा तर बटणासरशी पुसलेला, पंचनाम्याआधीच जागा धुऊन काढल्यासारखा. तो पुरावा राखण्याला 'कोअर डंप' म्हणतात. ज्या कोअरवरून हे नाव पडलं, ती मात्र केव्हाच इतिहासजमा झाली.

कोअर म्हणजे फेराइटचं इवलंसं कडं. 1953 मध्ये एमआयटीच्या व्हर्लविंड संगणकात अशा कड्यांची मेमरी बसली. उभ्या-आडव्या तारा आणि प्रत्येक छेदावर एक कडं. छत्रपती संभाजीनगरात हिमरूचा माग पाहिलेल्याला ही वीण नवी वाटणार नाही. चुंबकत्व एका दिशेला असलं तर एक, उलट असलं तर शून्य. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 मध्ये कामाला लागलेल्या टिफ्रॅक संगणकातही हीच मेमरी होती: 40 बिटांचे 2048 शब्द, म्हणजे 81,920 कडी.

चुंबकत्व टिकायला वीज लागत नाही. मशीन बंद पडलं तरी कडी शेवटचा क्षण धरून बसत. तो जसाच्या तसा बाहेर काढायचा, तो डंप. 1971 च्या युनिक्समध्ये कोलमडलेला प्रोग्राम 'कोअर' नावाचीच फाइल मागे ठेवी. मग सिलिकॉनच्या चिपा आल्या. स्वस्त, चपळ, पण वीज गेली की कोऱ्या. नाव राहिलं, गुण गेला.

आता तो गुण युक्तीनं आणावा लागला. कोसळता कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, स्वतःच डिस्कवर लिहायला बसला, तर भलतीकडे लिहून चांगला डेटाही बुडवायचा. भ्रमिष्टाकडूनच मृत्युपत्र लिहून घेण्यातली गत. चालत्या कर्नलमधूनच दुसरा कर्नल उठवणाऱ्या, एरिक बीडरमन यांच्या 'केएक्झेक'चा आधार घेऊन आयबीएमच्या भारतातल्या विवेक गोयल, हरिप्रसाद नेल्लीथीर्थ यांनी 'केडंप' रचला. 2005 मध्ये तो लिनक्स 2.6.13 मध्ये आला. राखीव मेमरीत दुसरा कर्नल आधीच ठेवलेला असतो. पहिला पडला की तो बायोसला वळसा घालून उठतो, त्यामुळे रॅम पुसली जात नाही. पहिल्याची मेमरी तो फाइलसारखी वाचून डिस्कवर उतरवतो, मगच रीस्टार्ट. त्या फाइलचं नाव? व्हीएमकोअर.

एवढंच, की दुसऱ्या कर्नलची जागा मशीन सुरू होतानाच राखलेली हवी. आणि डंप उतरेपर्यंत बटणाला हात लावायचा नाही.