भयखेळ

भयखेळ हा व्हिडिओ गेमचा एक प्रकार असून खेळाडूच्या मनात भीती निर्माण करणे हे त्याचे प्रमुख उद्दिष्ट असते. यांपैकी ज्या खेळांत तुटपुंज्या साधनांनिशी जीव वाचवणे हेच मुख्य काम असते, त्यांना ‘सर्व्हायव्हल हॉरर’ असे म्हणतात.

भयकथा, भयपट आणि भयखेळ यांची सामग्री पुष्कळशी सारखीच असते: ओसाड वाडा, बंद खोली, रात्र, एकटा माणूस. भेद आहे तो कर्तेपणाचा. नारायण धारप (१९२५–२००८) यांच्या कथेतील पात्र निषिद्ध खोलीचे दार उघडू लागते तेव्हा ‘उघडू नकोस’ असे वाचकाला वाटते, परंतु उघडणारा तो नसतो. भयखेळात दार खेळाडूलाच उघडावे लागते, आणि तो उघडत नाही तोवर गोष्ट पुढे सरकत नाही. शिवाय धारपांच्या अनेक कथांत संकटाच्या वेळी ‘समर्थ’ हा अधिकारी पुरुष धावून येतो व वाचक निर्धास्त होतो. भयखेळात बहुधा कोणी समर्थ येत नाही.

इतिहास

‘हाँटेड हाउस’ (१९८२) या अटारी कंपनीच्या खेळात अंधाऱ्या घरात फिरणारा खेळाडू म्हणजे पडद्यावरचे केवळ दोन डोळे होते. जपानमधील ‘स्वीट होम’ (१९८९) आणि फ्रान्समधील ‘अलोन इन द डार्क’ (१९९२) या खेळांनी पुढची वाट आखली. शिंजी मिकामी दिग्दर्शित ‘रेसिडेंट ईव्हिल’ (१९९६) मुळे हा प्रकार जगभर पोहोचला.

भय आणि दचका

अचानक मोठा आवाज करून किंवा विद्रूप चेहरा दाखवून खेळाडूला दचकवणे सोपे असते. पण दचका क्षणात ओसरतो. भय मात्र काहीही घडत नसताना वाढते. या दोहोंत गल्लत केल्यामुळे अनेक सुमार खेळ केवळ आरडाओरडीवर अवलंबून राहिलेले दिसतात.

खरे भय प्रामुख्याने न दाखवण्यातून येते. ‘सायलेंट हिल’ (१९९९) मध्ये गावभर दाट धुके पसरलेले आहे. तत्कालीन प्लेस्टेशन यंत्राला दूरवरचे दृश्य रेखाटणे झेपत नसल्याने ही उणीव धुक्याने झाकली गेली, आणि तेच धुके खेळाचे सर्वांत परिणामकारक अंग ठरले. कोकणातील पावसाने ‘तुंबाड’ (२०१८) या चित्रपटात जवळपास हेच काम केले आहे. अंधाराचेही तसेच. लेण्याद्रीच्या पायऱ्या दुपारच्या उन्हात चढून एखाद्या विहारात शिरणाऱ्यास प्रथम भोवतालच्या खोल्यांची केवळ काळी दारे दिसतात. डोळे सरावल्यावर त्या रिकाम्या असल्याचे कळते. भयखेळ डोळ्यांना सरावू देत नाही.

ध्वनीचे महत्त्व दृश्याहून कमी नाही. ‘सायलेंट हिल’च्या नायकाजवळील खिशातला रेडिओ राक्षस जवळ आला की खरखरू लागतो. धोका आहे एवढे त्यामुळे कळते, कोठे आहे ते कळत नाही. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील वाचकांना हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. या भागात उसाच्या फडात बिबट्यांचा वावर आहे. विजेच्या पाळीमुळे रात्री पिकाला पाणी देण्यास जाणाऱ्या शेतकऱ्याला बिबट्या दिसत नाही, पाचटाची सळसळ तेवढी ऐकू येते. ती वाऱ्याची की आणखी कशाची हे ठरवता येत नाही. ध्वनिरचनाकार नेमकी हीच अनिश्चितता हेतुपुरस्सर निर्माण करतो. अर्थात खेळ हवा तेव्हा बंद करता येतो, पाण्याची पाळी सोडता येत नाही.

तुटवडा आणि असहायता

‘रेसिडेंट ईव्हिल’मध्ये बंदुकीच्या गोळ्या मोजक्याच मिळतात. इतकेच नव्हे, तर खेळातील प्रगती जतन करण्यासाठी टंकलेखन यंत्र आणि शाईची फीत लागते, व या फितीही मर्यादित असतात. त्यामुळे प्रत्येक पावलाला किंमत येते: मागे फिरावे की आणखी एक खोली पाहावी? ‘अ‍ॅम्नेशिया: द डार्क डिसेंट’ (२०१०) या स्वीडिश खेळाने शस्त्र पूर्णपणे काढून घेतले. येथे पळणे व लपणे एवढेच शक्य असते. पण अंधारात लपून राहिल्यास नायकाचे मानसिक संतुलन ढळू लागते, आणि राक्षसाकडे पाहिल्यासही ढळते. ‘फेटल फ्रेम’ (२००१) मध्ये कॅमेरा हेच शस्त्र असून भूत अगदी जवळ येईपर्यंत थांबल्यास त्याचा प्रभाव वाढतो. म्हणजे ज्याच्यापासून पळावेसे वाटते, त्याची वाट पाहावी लागते.

शत्रूचे वर्तन आधी ओळखता आले, तर भीती संपून हिशेब सुरू होतो. ‘एलियन: आयसोलेशन’ (२०१४) मध्ये यावर उपाय म्हणून दोन स्तरांची योजना आहे. खेळाडू कोठे आहे हे वरच्या स्तराला माहीत असते. तो प्रत्यक्ष प्राण्याला केवळ अधूनमधून सूचना देतो, शोध प्राण्यानेच घ्यायचा असतो. तथापि एकाच जागी पाच-सहा वेळा मरण आल्यावर कोणत्याही खेळातील भीतीची जागा वैताग घेतो. हा या प्रकाराचा मूलभूत दोष असून तो पूर्णतः दूर झालेला नाही.

लोकसमजुतींशी नाते

चकवा लागलेला माणूस रात्रभर चालूनही पुन्हा त्याच जागी येतो, अशी महाराष्ट्रात जुनी समजूत आहे. हिदेओ कोजिमा यांच्या ‘पी. टी.’ (२०१४) या छोट्या नमुना-खेळाची रचना थेट या चकव्यासारखी आहे. घरातील एकाच वळणदार मार्गिकेच्या टोकाचे दार उघडले की खेळाडू पुन्हा त्याच मार्गिकेच्या आरंभी येतो. प्रत्येक फेरीत काहीतरी किंचित बदललेले असते. ओळखीच्या घराविषयीची खात्री अशा रीतीने हळूहळू नाहीशी होते. एप्रिल २०१५ मध्ये हा खेळ प्लेस्टेशनच्या दुकानातून काढून टाकण्यात आला.

मराठी लोकसमजुतींतील भुतांना ठरावीक नियम असतात. सोडमुंज होण्यापूर्वी मेलेला मुलगा मुंजा होऊन पिंपळावर राहतो; हडळ, खवीस, वेताळ यांच्या उत्पत्तीची व वर्तनाची लक्षणेही वेगवेगळी सांगितली जातात. ‘फास्मोफोबिया’ (२०२०) या खेळात अशी लक्षणे ताडून भुताचा प्रकार ओळखणे हेच खेळाडूंचे काम असते. खेळाडू ध्वनिग्राहकात जे बोलतात, तेही त्यातील भूत ऐकते.