दिवा लागला म्हणजे...

पिंपरी-चिंचवडमध्ये वाढलेल्या माणसाच्या घरात, नाहीतर शेजारी, एखादा तरी 'टेल्को'वाला असतोच. (२००३ मध्ये कंपनीचं नाव टाटा मोटर्स झालं, पण जुन्या लोकांच्या तोंडी अजून टेल्कोच!) त्यामुळे इंजिनाची जुनी विद्या आम्हाला आयतीच ऐकायला मिळाली. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, निळा म्हणजे ऑइल जळतंय. १९९८ च्या डिसेंबरात इथलीच इंडिका आली, तिच्या पहिल्या डिझेल इंजिनाचा पंपही यांत्रिकच होता. धूर बघायचा, इंजिन ऐकायचं. धुराचं तापमान मोजणार कोण आणि कशाला?

मग नियम आले. पुण्यात २००५ ला भारत स्टेज ३, २०१० ला स्टेज ४ आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर थेट स्टेज ६. पाचवी गाळून सहावीत! डिझेल गाड्यांना काजळी अडवणारा फिल्टर आला. तो भरला की सुमारे ६०० अंशांपर्यंत तापवून काजळी जाळावी लागते. कमी तापला तर ती जळत नाही, फार तापला तर फिल्टरच तडकतो. म्हणून तिथे तापमानाचा सेन्सर बसला. पुष्कळदा तो प्लॅटिनमचा असतो. तापलं की प्लॅटिनमचा विजेला होणारा विरोध वाढतो. यावरून तापमान मोजायची कल्पना विल्यम सीमेन्सने १८७१ मध्येच मांडली होती.

आता गंमत बघा. या सेन्सरची तार तुटली की विरोध अनंत होतो, म्हणजे कॉम्प्युटरच्या हिशेबी भयंकर उष्णता. असा अशक्य आकडा तो मानत नाही. डॅशबोर्डवर दिवा लावतो आणि फिल्टर जाळणं थांबवतो. काजळी साचत जाते आणि शेवटी महागडा फिल्टरच चोंदतो.

स्कॅनर 'पी ०५४४' दाखवतो. याचा अर्थ एवढाच की सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड आहे. सेन्सर गेलाय असं तो म्हणतच नाही! तार सायलेन्सरला टेकून वितळलेली असेल, कनेक्टरमध्ये पाणी गेलं असेल. म्हणून रात्रभर थंड झालेल्या गाडीवर सगळ्या सेन्सरांचे आकडे आधी बघावेत. ते हवेच्या तापमानाच्या आसपासच हवेत. एकटाच वेगळं बोलत असेल तर त्याचा कनेक्टर काढून मीटर लावावा. २०० ओहमच्या जातीचा प्लॅटिनम सेन्सर २५ अंशांना साधारण २२० ओहम दाखवतो. तो ठीक असेल तर मग तारेचा माग काढायचा.

चाकण-भोसरीच्या गल्ल्यांतल्या छोट्या गॅरेजवाल्यांचं पोट आता यावरच आहे. कोड वाचून पार्ट बदलणारे पुष्कळ मिळतील. पण तक्रार करणारा आणि दोषी वेगवेगळे असू शकतात, हे जुन्या मिस्त्रींना स्कॅनरशिवायही कळत होतं. हत्यारं बदलली, विद्या तीच!

असो. तुमच्या गाडीचा दिवा लागला तर नवा सेन्सर घेण्याआधी एवढंच विचारा, "तार बघितलीत का?"