मांडवीच्या वखारी आणि सांडलेले दाणे

व्यापाऱ्याच्या वखारीत रोज काही ना काही सांडत असतेच. डबा कलंडला की तेल सांडते, ढेप फुटली की खाली गुळाचा चिकटा होतो, पोते उसवले की दाणे ओघळतात. यांपैकी ज्याचा डाग डोळ्यांस दिसतो व ज्याची घाण नाकास जाणवते, ते मनुष्य तत्काळ धुऊन काढतो. कोरडे दाणे मात्र थप्पीखाली सरकले की कोणाच्या ध्यानातही राहत नाहीत. हा भेद क्षुल्लक वाटतो खरा; परंतु तो मनुष्याच्या जीवाशी किती निगडित आहे, हे मुंबई शहरास १८९६ साली सुरू झालेल्या प्लेगच्या साथीत शिकावे लागले, आणि ते शिकण्यास दहाएक वर्षे लागली.

त्या काळी मांडवी हा भाग मुंबईच्या धान्यव्यापाराचे केंद्र होता. प्रिन्सेस गोदी १८८० साली व व्हिक्टोरिया गोदी १८८८ साली खुली झाली होती. गोदीवर उतरलेला माल बैलगाड्यांतून जवळच्या वखारींत येई. खाली धान्याची पोती व वर दाटीवाटीने राहणारी कुटुंबे, अशी तेथील कित्येक इमारतींची रचना होती. वखारीत हवा व उजेड बेताचाच असे. गोणपाटातून गळलेले दाणे भिंतीच्या कडेने व फरशीच्या फटींतून साचत, आणि त्यावर उंदीर-घुशींची पिढ्यान्‌पिढ्या उपजीविका चाले.

१८९६ च्या सप्टेंबरात मूळचे गोव्याचे डॉक्टर अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनी याच मांडवीत तापाने फणफणलेला व अंगावर गाठ आलेला रोगी पाहून हा प्लेग आहे, असे निदान केले. माणसे आजारी पडण्याच्या आधीपासून वखारींत उंदीर मरून पडत होते. ती खूण लोकांनी पाहिली होती; तिचा अर्थ मात्र तेव्हा कोणी लावला नाही.

प्लेगचा जंतू १८९४ साली हाँगकाँग येथे सापडला होता. परंतु तो रोग्यापासून निरोग्याकडे कोणत्या वाटेने जातो, हे ठाऊक नव्हते. तो घाणीत, ओलसर जमिनीत व भिंतींवर वास करतो, अशी समजूत होती. तेव्हा म्युनिसिपालिटीने जे केले, ते त्या समजुतीस धरूनच केले. लक्षावधी गॅलन समुद्राचे पाणी व कार्बोलिक अॅसिड गटारांतून सोडण्यात आले. बंबाच्या नळांनी घरे व वखारी धुण्यात आल्या, भिंतींना चुना फासण्यात आला. कोठे जमिनी उकरल्या, तर कोठे ऊन आत यावे म्हणून छपराची कौले उतरविली. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर यू. एच. एच. ही इंग्रजी अक्षरे रंगविण्यात आली.

हे सर्व काम ज्यांच्या हातांनी झाले, त्यांचे स्मरण येथे केले पाहिजे. ते हलालखोर व बिगारी होते. लक्षावधी माणसे शहर सोडून पळत असता हे लोक रोगट घरांत शिरून गटारे व मोऱ्या साफ करीत होते. रोग्यांना सक्तीने इस्पितळात नेण्याच्या हुकुमाने लोक बिथरले, आणि हे कामकरीही निघून गेले तर शहर एक आठवडादेखील तगणार नाही, ही धास्ती म्युनिसिपल कमिशनर स्नो यांना पडली. ऑक्टोबर १८९६ च्या अखेरीस तो हुकूम सौम्य करण्यात आला, त्यास ही धास्तीही कारण झाली. एरवी ज्यांना कोणी विचारीत नसे, त्यांच्यावर सारे शहर किती विसंबून होते, हे त्या दिवसांत उघड झाले.

इतके करूनही साथ हटली नाही. एक वखार धुतली की शेजारच्या आळीत रोगी सापडत. धुण्याच्या गडबडीने उंदीर एका इमारतीतून निघून दुसरीत बिऱ्हाड करीत, आणि त्यांच्याबरोबर रोगही स्थलांतर करी.

याचे कोडे प्रथम उलगडले ते कराचीस. फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ साली तेथे प्रयोग करून उंदराच्या अंगावरील पिसू हीच रोगाची वाहक आहे, असे दाखविले. पुष्कळ विद्वानांनी ते मानले नाही. पुढे १९०५ पासून मुंबईत परळ येथे प्लेग संशोधन आयोगाने काम आरंभिले. आयोगाला आढळले की, शेणाने सारवलेल्या जमिनीवर मुद्दाम पसरलेले जंतू दोन दिवसांनंतर, व चुनेगच्ची जमिनीवरील तर एका दिवसानंतर, रोग देऊ शकत नाहीत. मग गिनीपिग पिंजऱ्यांत घालून पिसवांनी भरलेल्या खोल्यांत टांगण्यात आले. जमिनीपासून दोन इंचांवर टांगलेल्या प्राण्यास रोग जडला. दोन फुटांवर टांगलेला वाचला. पिसवेची उडी तेवढी उंच जात नाही, हेच त्याचे कारण. उंदीर मेला की भुकेलेली पिसू दुसरे रक्त शोधते. आणि वखारीत ते रक्त हमालाचे, कारकुनाचे किंवा माडीवर निजलेल्या मुलाचे असे.

म्हणजे ज्या जमिनी व भिंती एवढ्या कष्टाने धुतल्या, त्यांच्यात रोगाचे मूळ नव्हतेच. मूळ होते सांडलेल्या दाण्यांत. दाण्यांवर उंदीर पोसला, उंदरावर पिसू पोसली. पिसवेची अळीदेखील धान्याच्या भुशात व केरात वाढते. रिकाम्या गोणपाटात लपून पिसू गावोगाव जाते.

यावरून त्या वेळचे धुणे निरर्थक होते, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. साचलेली गटारे वाहती झाली, कोंदट घरांत ऊन शिरले, आणि १८९८ साली स्थापन झालेल्या मुंबई सुधार ट्रस्टने रुंद रस्ते व मोकळ्या वस्त्या यांचा पाया घातला. चूक स्वच्छतेत नव्हती. काय स्वच्छ करावयाचे, हे ठरविण्यात होती.

आज धान्याच्या चांगल्या गुदामात पोत्यांची थप्पी लाकडी फळ्यांवर रचतात, भिंतीपासून अंतर सोडतात आणि सांडलेले धान्य वेळच्या वेळी झाडून उचलतात. पाहणाऱ्यास ही नुसती टापटीप वाटेल. पण या नियमांमागे हजारो मृत्यूंचा अनुभव आहे. झाडणाऱ्याची केरसुणी थप्पीच्या मागच्या अंधाऱ्या फटीपर्यंत पोचते की नाही, यावरच वखारीची स्वच्छता जोखावी. पुढच्या फरशीची चकाकी पाहून नव्हे.