कडूपणाचा इतिहास: हॉप्स, पाणी आणि रायपूरचा चुनखडक

हॉप्स घालून घरी केलेल्या बिअरचा कडूपणा जिभेवर खरखरीत रेंगाळतो, ही जुनी तक्रार. दोष बहुधा हॉप्सना दिला जातो. पण या पेयाचा इतिहास पाहिलात, तर निम्मा दोष पाण्याच्या पदरात पडतो असे तुमच्या लक्षात येईल.

उदाहरणासाठी रायपूर घेऊ. हे शहर छत्तीसगडच्या खोऱ्यातील चुनखडकाच्या पट्ट्यात आहे. भोवतालचे सिमेंट कारखाने त्याच खडकावर चालतात. अशा खडकातून आलेल्या भूजलात बायकार्बोनेट भरपूर असते. लंडनचे पाणीही याच जातीचे. अठराव्या शतकात तिथे काळपट पोर्टर बिअर फोफावली, कारण करपूस भाजलेल्या माल्टमधील आम्ल या पाण्याचा अल्कधर्म मोडते. फिक्या माल्टला ते साधत नाही. मग माल्टच्या लगद्याचा सामू चढा राहतो, टरफलांतील टॅनिन जास्त उतरते आणि कडूपणाला तुरट धार येते.

हिंदुस्थानसाठी भरपूर हॉप्सची फिकी बिअर पाठवण्यात नाव कमावले ते लंडनच्या बो भागातील हॉजसन यांनी. हॉप्स जिवाणूंना रोखतात, म्हणून लांबच्या समुद्रप्रवासात ते हवेच होते. १८२२ च्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीचे संचालक मार्जोरीबँक्स यांनी बर्टनच्या सॅम्युअल ऑलसॉप यांना तशीच बिअर करायला सुचवले, आणि बर्टनने पुढे बाजी मारली. बर्टनच्या विहिरींत जिप्सम आहे: कॅल्शियम लगद्याचा सामू उतरवते, सल्फेट कडूपणा कोरडा व स्पष्ट करते. पुढे इतर गावांचे बिअरवालेही पाण्यात जिप्सम मिसळू लागले. उलट १८४२ मध्ये पिल्सेन येथे योझेफ ग्रोल यांनी अतिमऊ पाण्यात केलेल्या बिअरचा कडूपणा सौम्य उतरला.

म्हणून ‘हॉप्स जास्त तर जिप्समही जास्त’ हा सल्ला आंधळेपणाने घेऊ नका; सल्फेट वाढले की धारही वाढते. क्लोराइड चव गोलसर करते.

हॉप्सवरचा संशयही तपासून पाहावा. १९७२ मध्ये रिग्बी यांनी कोह्युम्युलोन या एका घटकाला खरखरीतपणाचे कारण ठरवले, आणि हॉप्सच्या नव्या जाती निवडताना हा निकष बराच काळ वापरला गेला. नंतरच्या चवचाचण्यांत या मताला ठाम आधार मिळाला नाही. माझ्या मते हॉप्सची जात बदलण्याआधी ते उकळीत कधी पडतात हे पाहावे. उकळीत अल्फा आम्लांचे रूप बदलते आणि कडूपणा येतो. म्हणून बरेचसे हॉप्स आच बंद केल्यावर, रस थोडा निवल्यावर घालतात. थंड बिअरमध्ये ते आठवडेच्या आठवडे ठेवले तरी तुरटपणा उतरतो. उरलेले माल्ट फार गरम पाण्याने धुतल्यानेही तेच होते.

सरगुजा-जशपूरकडची तांदळाची हंडिया हॉप्सशिवाय होते. ती ताजीच पितात, त्यामुळे समुद्रप्रवासाचा प्रश्नच नाही. १९१५ च्या अबकारी कायद्याखाली आदिवासींना घरापुरते मद्य करण्याची मर्यादित सवलत आहे. इतरांना परवाना लागतो.

परवान्याशिवाय एवढे मात्र करता येईल: कूपनलिकेचे पाणी दहा मिनिटे उकळून निवू द्या. तळाशी पांढरी भुकटी बसली, तर बायकार्बोनेटचा काही भाग चुन्याच्या रूपाने खाली बसला असे समजा. वरचे पाणी हळूच ओतून घेतात आणि तेच वापरतात.