निंदणाची मजुरी आणि बियाण्याचे स्वामित्व

दक्षिणेस गोदावरी आणि उत्तरेस पैनगंगा या दोन नद्यांच्या दरम्यान पसरलेला जो प्रदेश २०१६ पासून तेलंगणाच्या आदिलाबाद, निर्मल, मंचिर्याल आणि कुमुरम भीम आसिफाबाद अशा चार जिल्ह्यांत विभागला गेला आहे, तो निजामाच्या अमदानीत १९०५ साली पूर्ण जिल्ह्याच्या दर्जास पोहोचला आणि वरंगळ सुभ्याखाली एका अव्वल तालुकदाराच्या हवाली झाला. त्यापूर्वी सिरपूर-तांडूर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मुलखात जंगल विपुल आणि रयत विरळ होती. गोंड, कोलाम, परधान आणि नायकपोड यांच्या वस्त्यांच्या शेजारी वऱ्हाडातून व मराठवाड्यातून आलेल्या कुणब्यांनी पट्टे घेतले आणि मैदानी भागातील काळी जमीन हळूहळू कपाशीखाली आणली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट व राजुरा हे भाग जिल्ह्यातून निघून तेव्हाच्या मुंबई राज्याच्या, म्हणजे पुढच्या महाराष्ट्राच्या, वाट्याला गेले आणि पैनगंगा दोन राज्यांची सीमा झाली. परंतु नात्यागोत्याचे, बाजाराचे आणि मराठी भाषेचे व्यवहार नदी ओलांडून चालत राहिले. या जिल्ह्यातील कपाशीचा गेल्या शतकाचा इतिहास पाहू गेल्यास असे आढळते की बियाणे कोणाच्या मालकीचे, त्याचा भाव किती आणि ते विकण्याचा परवाना कोणाला, या प्रश्नांवर सरकारदरबारी दप्तरेच्या दप्तरे भरली. पण शेतातले तण कोणी काढावे आणि त्याची मजुरी कोणी सोसावी, या प्रश्नाची दखल कोणत्याच दप्तराने घेतली नाही, आणि अखेरीस त्याच प्रश्नाने बाकीच्या सर्व कायद्यांना बगल दिली.

प्रारंभीची कपाशी देशी, म्हणजे गावरानी होती. निजामाच्या राज्यातील गावरानीला तिच्या धाग्याच्या गुणामुळे मुंबईच्या बाजारात मान होता, आणि त्या धाग्यात हलक्या कापसाची भेसळ होऊ नये ही व्यापाऱ्यांची चिंता होती. १९२१ साली स्थापन झालेली भारतीय मध्यवर्ती कापूस समिती आणि ब्रिटिश मुलखात १९२३ साली झालेला कापूस वाहतुकीचा कायदा ही त्याच चिंतेची अपत्ये. घरच्या रेच्यावर सरकी काढली जात होती तोवर शेतकऱ्याला आपल्या बियाण्याची कुळकथा ठाऊक असे. जिनिंगचे कारखाने उभे राहिल्यावर दहा गावांचा कापूस एका ढिगात पडू लागला आणि पेरणीची सरकी जिनातूनच आणण्याची रीत पडली, तेव्हा बियाण्यावरचा त्याचा ताबा प्रथम सुटला. पेटंटाचा कायदा कपाशीपर्यंत येण्याच्या कितीतरी आधी घडलेली ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे, कारण शेतकऱ्याच्या घरातून बियाणे हिरावले जाण्याचा आरंभ प्रयोगशाळेपासून झाला असे समजण्याची चूक हल्ली सर्रास होते.

त्या काळच्या मशागतीचे स्वरूप थोडे जवळून पाहिले पाहिजे. उन्हाळ्यात वखराच्या पाळ्या देऊन जमीन तयार करावयाची. सरकीवरची लव बसावी आणि दाणे सुटे व्हावेत म्हणून ती शेणकाल्यात चोळावयाची. आणि मृगाचा पाऊस झाला की सरत्याने ती ओळीत सोडावयाची, असा क्रम असे. खरी परीक्षा पुढे आर्द्रा-पुनर्वसूत सुरू होई. काळ्या जमिनीत कपाशी पहिले सहा-आठ आठवडे अत्यंत मंद वाढते आणि त्याच अवधीत लव्हाळा, हरळी, केना, कुंदा ही तणे जोमाने उठतात. त्यांना त्या दिवसांत आवरले नाही तर पुढे खताचा व पावसाचा लाभ त्यांनाच मिळतो. दोन ओळींमधले तण काढण्यास डवरा असे: लाकडी खोडाला दोन जानोळी आणि त्यांच्यामध्ये वीतभर लोखंडी पास. एका बैलजोडीमागे असे दोन डवरे जुंपून दोन माणसे ते धरीत, आणि बैलांनी कोवळ्या पिकाला तोंड लावू नये म्हणून त्यांना मुसकी बांधीत. परंतु ओळीतले, झाडाच्या बुडाशी उगवलेले तण डवऱ्याच्या पासेला सापडत नाही. ते काढण्यास बायकाच लागत. खुरपे घेऊन, एकेक पात धरून, वाकून किंवा उकिडव्या बसून दिवसभर निंदण करणाऱ्या बायकांच्या हातांवर कपाशीचा हंगाम उभा असे; आणि त्या निंदणातून घरी जाणारा चाऱ्याचा भारा व केना-तांदुळज्याची भाजी हा मजुरीचा न लिहिलेला हिस्सा असे.

१९७० साली सुरतच्या संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी एच-४ हे जगातील पहिले व्यापारी संकरित कपाशीचे वाण सिद्ध केले आणि त्यानंतरच्या दशकांत नांदेडच्या केंद्रातील एनएचएच-४४ सारखी वाणे मराठवाडा, विदर्भ आणि आदिलाबाद या सलग पट्ट्यात पसरली. संकरित बियाणे महाग असल्याने ते पेरण्याऐवजी चौफुलीवर टोबण्याची पद्धत आली. फुली धरून लावलेल्या शेतात डवरा उभा आणि आडवा दोन्ही चालतो, त्यामुळे निंदणाचा भार काहीसा हलका झाला. मात्र संकराच्या पोटी आलेल्या सरकीत आईबापांचे गुण विखुरतात आणि दुसऱ्या वर्षी पीक एकसारखे येत नाही, म्हणून शेतकऱ्याला दरवर्षी नवे पाकीट विकत घेणे क्रमप्राप्त झाले. परदेशांत बियाणे साठवून पेरण्यास मज्जाव करण्याचे जे काम पेटंटाने केले, ते आपल्याकडे संकराने कोणत्याही कायद्यावाचून पार पाडले. २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने बियाणे राखून ठेवण्याचा, पेरण्याचा व देवघेवीचा शेतकऱ्याचा हक्क मान्य केला खरा. पण संकरित कपाशीच्या बाबतीत तो हक्क बजावण्याजोगे काही त्याच्या हाती उरले नव्हते.

संकरित अमेरिकन कपाशीबरोबर बोंडअळीचा उपद्रव वाढला आणि फवारणीचा खर्चही वाढला. १९९७-९८ च्या हंगामात वरंगळ जिल्ह्यात किडीने पीक उद्ध्वस्त होऊन कर्जबाजारी कापूस उत्पादकांच्या आत्महत्यांनी साऱ्या देशाला हादरा दिला. बॅसिलस थुरिन्जिएन्सिस (बीटी) या जमिनीतील जिवाणूत अळीला मारक असे एक प्रथिन असते. ते तयार करणारे जनुक कपाशीत घालून मॉन्सँटो कंपनीने १९९६ साली अमेरिकेत बोलगार्ड बाजारात आणले होते. जालन्याच्या बद्रीनारायण बारवाले यांनी स्थापन केलेल्या महिको कंपनीने मॉन्सँटोशी भागीदारी करून तेच जनुक आपल्या संकरित वाणांत आणले, आणि २६ मार्च २००२ रोजी केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मंजुरी समितीने मेक-१२, मेक-१६२ व मेक-१८४ या तीन वाणांना परवाना दिला. परंतु २००५ साली याच समितीने आंध्र प्रदेशात, म्हणजे तेव्हा त्या राज्यात असलेल्या आदिलाबादेतही, या तीन वाणांच्या परवान्याचे नूतनीकरण नाकारले. तोवर इतर कंपन्यांची बीटी वाणे आली होती, त्यामुळे जनुक राहिले आणि वाणे बदलली.

भावाचा प्रश्न त्यापाठोपाठ पुढे आला. ४५० ग्रॅमच्या पाकिटास १,६०० ते १,८५० रुपये पडत आणि त्यांतील सुमारे १,२५० रुपये हे केवळ जनुकाच्या वापराचे शुल्क असे. आंध्र प्रदेश सरकारने २००६ साली मक्तेदारी व निर्बंधक व्यापारप्रथा आयोगाकडे फिर्याद नेली आणि पाकिटाचा भाव ७५० रुपयांवर आणला; पुढे २००७ साली राज्याने कापूस बियाण्याच्या भावनियंत्रणाचा स्वतंत्र कायदाच केला. यातील मौज अशी की ज्या पहिल्या जनुकावर हे शुल्क आकारले जात होते त्याचे पेटंट भारतात मुळी घेतलेलेच नव्हते. करारनामे आणि जनुकाची मक्तेदारी यांच्या बळावरच ती आकारणी चालली होती. पेटंट आले ते २००८ साली, बोलगार्डच्या दोन जनुकांच्या पुढील रूपातील, म्हणजे बोलगार्ड-२ मधील, दुसऱ्या जनुकासाठी. त्याच पेटंटावरून मॉन्सँटो आणि हैदराबादची नुझिविडू सीड्स यांच्यात दावा उभा राहिला. वनस्पती, बियाणे आणि मूलतः जैविक अशा प्रक्रिया पेटंटास अपात्र ठरविणाऱ्या कलमाचा आधार घेऊन दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने एप्रिल २०१८ मध्ये हे पेटंट रद्द ठरविले. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल बाजूला सारून प्रकरण पुराव्यानिशी चालविण्यास परत धाडले. आणि निर्णायक उत्तर मिळण्यापूर्वीच २०२१ साली उभय पक्षांनी तडजोड केली. त्या वेळेपावेतो पेटंटाची मुदत सरली होती, आणि केंद्र सरकारने भावनियंत्रण आदेशाखाली जनुकाचे शुल्क कमी करीत करीत २०२० साली शून्यावर आणले होते.

दरम्यान किडीने न्यायालयाची वाट पाहिली नाही. पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाण्याची पुडी येई, ती शेताच्या कडेने लावून अळीला आसरा द्यावा आणि तिच्यात प्रतिकारशक्ती येण्यास विलंब लावावा अशी योजना होती. शेतकऱ्यांनी ती पुडी बहुधा बांधावर टाकली. गुलाबी बोंडअळीने प्रथम पहिल्या आणि मग दुसऱ्या जनुकालाही दाद देणे सोडले, आणि २०१७ च्या हंगामात तेलंगणा, विदर्भ व मराठवाडा या भागांत तिने हाहाकार उडविला. त्याच वर्षी शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व मजूर दगावले.

आणि याच २०१७ साली, ज्याला परवाना मिळालाच नव्हता असे दुसरे तंत्र या पट्ट्यात उघडकीस आले. ग्लायफोसेट या रसायनाचा तणनाशक गुण मॉन्सँटोचे जॉन फ्रान्झ यांनी १९७० मध्ये शोधला आणि १९७४ पासून ते राउंडअप या नावाने विकले जाऊ लागले. वनस्पतीला आवश्यक अशी काही अमिनो आम्ले घडविणारे एक विकर ते निकामी करते, त्यामुळे तण आणि पीक असा भेद न करता ते दोन्ही जाळते. पुढे या रसायनाच्या कारखान्यातील सांडपाण्यात तग धरून राहिलेल्या एका जिवाणूपासून असे जनुक मिळाले की ज्याचे विकर ग्लायफोसेटला जुमानत नाही. ते कपाशीत घातल्यास वरून फवारणी केली तरी तण मरते व पीक उभे राहते. अशा कपाशीच्या परवान्याचा अर्ज महिकोने २०१६ साली मागे घेतला. तरीही वर्षभरात केंद्राने नेमलेल्या तपासणी समितीला महाराष्ट्र, आंध्र प्रदेश, तेलंगणा आणि गुजरात या राज्यांतील कपाशीपैकी सुमारे १५ टक्के क्षेत्र या बेकायदा बियाण्याखाली आढळले. तेलंगणात त्याला बीटी-३ म्हणतात, तर नदीपलीकडे चंद्रपूर-यवतमाळकडे चोर बीटी. कागदावर ज्याचे अस्तित्व नाही, पाकिटावर ज्याचा खरा उत्पादक छापलेला नाही, असे हे बियाणे दोन्ही तीरांवरून परस्परांकडे वाहू लागले, आणि जिवती तालुक्यातील ज्या गावांवर दोन्ही राज्ये हक्क सांगतात तेथे तर कोणत्या सरकारचा कायदा बजावावा हाच वाद होता. पर्यावरण संरक्षण कायद्याखाली गुन्हे नोंदले गेले. तेलंगणाने बोगस बियाणे विकणाऱ्यांना प्रतिबंधक स्थानबद्धतेच्या कायद्यात आणले, २०१८ मध्ये ग्लायफोसेटच्या विक्रीवर निर्बंध घातले, आणि २०२२ मध्ये केंद्राने त्याचा वापर परवानाधारक फवारणीदारांपुरता मर्यादित केला. पेरा थांबला नाही. जून २०१९ मध्ये शेतकरी संघटनेने अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे हे बियाणे उघडपणे पेरून सविनय कायदेभंग केला, तो या भूमिगत व्यवहाराला दिलेला जाहीर उच्चार होता.

कायद्याचा धाक असता लोक हे धाडस का करतात, याचे उत्तर लोभात शोधणे उथळपणाचे आहे. बैलजोड्या कमी झाल्या, त्यामुळे डवऱ्याची पाळी वेळेवर मिळेना. सारा शिवार कपाशीचा झाल्याने सर्वांचे निंदण एकाच पंधरवड्यात येऊ लागले आणि बायकांना दुसऱ्या कामांचे पर्याय मिळाल्याने त्यांचा रोज वाढला, जो न्याय्यच होता. झडीच्या पावसात आठ-दहा दिवस शेतात पाऊल घालता येत नाही, आणि उघडीप पडेपर्यंत तण कपाशीच्या डोक्यावर गेलेले असते. अशा वेळी एका फवारणीत तण पिवळे पडते ही गोष्ट शेतकऱ्याच्या हिशेबात कोणत्याही कलमापेक्षा जड भरते. परंतु हा हिशेब अपुरा आहे. कपाशीच्या ओळींमधली तूर ग्लायफोसेटने जळते, म्हणजे घरची डाळ जाते आणि मिश्रपिकाची जुनी रीत मोडते. शेजाऱ्याच्या साध्या कपाशीवर वाऱ्याने फवारा गेला तर तीही करपते. भेसळीचे बियाणे निघाले तर शेतकऱ्याला दाद मागण्यास पावती नसते. आणि ज्या बाईचा निंदणाचा रोज बुडाला तिच्यासाठी या साऱ्या व्यवहारात रकानाच नाही.

गावच्या पहाणीत बीटी, बीटी-३ आणि जुनी संकरित अशा सर्वांची नोंद कापूस या एकाच नावाने होते. जनुकाच्या मालकीवर देशातील सर्वोच्च न्यायासनापुढे युक्तिवाद झाले, भावावर आयोग बसले, विक्रीवर पोलिसांचे छापे पडले. तण मात्र बायकांचे काम म्हणून गृहीत धरले गेले आणि ते काम महाग होताच राज्याच्या सर्व हुकमांना वळसा घालणारा मार्ग कपाशीने शोधून काढला. यापुढे या मुलखासाठी कपाशीचे कोणतेही नवे वाण मंजूर वा नामंजूर करावयाचे असेल, तर पेटंटाच्या मुदतीआधी निंदणाच्या मजुरीचा, तुरीच्या ओळीचा आणि झडीच्या दिवसांचा विचार त्या निर्णयाच्या पहिल्या पानावर आला पाहिजे. तो आला नाही तर परवाना दिला काय आणि नाकारला काय, पेरा ठरेल तो खुरप्याच्या रोजावरच.