रमाबाईंच्या घरातील इतर बायका

रमाबाई रानडे यांचे नाव आपल्यापैकी कुणाला ठाऊक नाही? २०१२ साली ‘उंच माझा झोका’ ही मालिका लागत असे, तेव्हा आपल्या गल्लीत त्या वेळेला कुणी कुणाकडे जात नसे. परंतु त्यांनी स्वतः लिहिलेले ‘आमच्या आयुष्यांतील कांही आठवणी’ हे पुस्तक थोड्याच जणींनी वाचले असेल. मी यंदा ते सासूबाईंना दुपारी निवडणटिपण करताना मोठ्याने वाचून दाखविले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. जुनी भाषा अडखळत वाचावी लागली, पण गोडी लागली.

रमाबाईंचा जन्म १८६२ चा. १८७३ साली, अकराव्या वर्षी, त्यांचे लग्न न्यायमूर्ती रानड्यांशी झाले. रानडे तेव्हा एकतीस वर्षांचे. पहिली पत्नी वारलेली, आणि मनातून विधवेशी विवाह करावा असे असूनही वडिलांच्या शब्दापुढे त्यांचे चालले नाही. पत्नीला अक्षरओळख नाही असे पाहून त्यांनी स्वतः तिला शिकवायला घेतले. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ते रुचले नाही. मराठी एक वेळ चालले, पण इंग्रजी म्हणजे अतिच झाले! पुढे १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यास आल्या, आर्य महिला समाज निघाला, आणि रमाबाई सभेस जाऊ लागल्या. मग तर टोमण्यांना सुमारच राहिला नाही. नवऱ्याने शिक म्हणावे आणि घराने बोलावे, अशा कात्रीत त्या पोरीने दिवस काढले.

हा भाग वाचताना मला त्या बायकांचा फार राग येई. सासूबाई मात्र तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, “त्या विधवा नणंदेला कुणी पाटी दिली होती का गं?”

मी वाचायची थांबले. खरेच, रानड्यांची बहीण विधवा झालेली. भाऊ एवढा सुधारक, पण तिचा पुनर्विवाह झाला नाही. तिच्या डोळ्यांदेखत भावजय पुस्तक घेऊन बसे. त्या घराला नुसते दुष्ट म्हणून आपण मोकळ्या होतो, ते मला बरे वाटत नाही. रमाबाईंनी हे सारे लिहिले ते पतीच्या निधनानंतर, १९१० मध्ये. छळ झाला तो लपविला नाही, पण पुस्तक भरले आहे ते पतीच्या आठवणींनी. जुने हिशेब चुकते करण्यासाठी त्यांनी लेखणी धरलेली नाही.

आणि शिकलेल्याचा उपयोग काय केला? १९०९ पासून पुण्याच्या सेवासदनात विधवा आणि गरजू बायकांना शिकविले, त्यांना परिचारिकेचे शिक्षण मिळेल अशी सोय केली. पुण्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची वेळ आली तेव्हा मुलींना त्यातून वगळू नये म्हणून त्या झगडल्या. १९२४ साली त्या वारल्या. त्या नणंदेसारख्या कितीजणींच्या हाती त्यांच्यामुळे पाटी आली असेल!

आमच्या सासूबाईंपर्यंत मात्र ती पोचली नाही. मामंजी मुंबईस गिरणीत होते. महिन्याला पत्र येई, ते शेजारच्या गुरुजींकडून वाचून घ्यावे लागे. “ह्यांच्या मनातलं आधी गुरुजींना कळायचं,” असे त्या हसून सांगतात. १९८२ च्या संपानंतर मामंजी गावी परतले आणि पत्रे थांबली. आता मामंजीही नाहीत.

पुस्तक संपल्यावर त्यांनी ट्रंकेतून ती पत्रे काढून माझ्या हाती दिली. एके ठिकाणी मी ओळ गाळली, तर त्यांनी ती मला सांगितली. सगळी पत्रे त्यांना पाठ होती. एक पत्र मात्र त्यांनी वाचू दिले नाही, घडी घालून पुन्हा तळाशी ठेवले.

रमाबाईंचे पुस्तक मंडळाच्या कपाटात परत ठेवले आहे. ज्यांना हवे त्यांनी न्यावे. घरात सासू किंवा आई असेल तर मोठ्याने वाचावे.